खांबाला आलेली गाठ

"महाराज, जिला गाठच नाही, तिचंही रक्त निघतं का?"

हे विचारून दाखव, अशी पैज सुमय्या आणि मंजुषा या मैत्रिणींनी शाळेत लावली होती. दहावीतल्या स्वप्नालीनं निलंग्याच्या भरल्या मंडपात, आईच्या पुढं उभं राहून, ते विचारलंच. आता मात्र ते पैजेपुरतं उरलं नव्हतं.

महाराज बायकांच्या छातीतल्या गाठी काढत होते. हळदीनं माखलेलं फडकं बाईच्या पदरावर ठेवायचं, वरून तांब्यातलं तीर्थ शिंपडायचं. पिवळं फडकं लालभडक. "निघालं बघ नासकं रक्त. चिरायचं न्हाई, उघडं व्हायचं न्हाई. अन् दवाखान्याची सुई लावू नका माय, गाठ चिडते." सगळी रांग हात जोडायची.

स्वप्नालीच्या आईनं काखेजवळची गाठ दिवाळीपासून लपवली होती. परवा बोलली, तीही इथं यायचं म्हणून. "डॉक्टर बाप्या माणूस हाय. इथं पदरावरूनच होतंय." बाबा मुकाट घेऊन आले.

पुढं नागुबाई बसली होती. पुन्हा पुन्हा येणारी. तिची गाठ फुटून जखम झाली होती, वास दबावा म्हणून पदराला अत्तर. तो वास नाकात गेला आणि स्वप्नालीचं डोकं तडकलं.

महाराज हसले. "निरोगी अंगातून रक्त कुठून येईल, पोरी?"

"बरं." तिनं थाळीतलं पिवळं फडकं उचललं, मंडपाच्या खांबाला गुंडाळलं, वर तांब्या ओतला. खांब लाल झाला.

"ह्याला कधीपासून गाठ हाय, महाराज?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"नजर लागली आसंल खांबाला," म्हणत महाराज तांब्या मागं ओढू लागले.

"चुन्याची निवळी हाय ती. हळदीवर पडली की लाल होते, आम्ही शाळेत केलंय."

रांगेतल्या हुसेनबीनं, सुमय्याच्या दादीनं, पानाच्या पिशवीतली चुन्याची डबी काढली. "ले बेटी, कर." स्वप्नालीनं बाटलीतल्या पाण्यात चुना कालवला, दुसऱ्या पिवळ्या फडक्यावर ओतला. ते महाराजांच्या फडक्याहून लाल झालं.

नागुबाई त्याकडं बघत राहिली. "मंग इतक्या खेपा माझ्या अंगातून काय निघालं, बाळा?"

"काहीच न्हाई, मावशी. गाठ आत वाढतच राहिली."

चेल्यांनी थाळ्या आवरायला घेतल्या. त्यांना कुणी अडवलं नाही, आणि स्वप्नालीला याचाच जास्त राग आला. लाज बाईच्या अंगाची नव्हती. त्या लाजेवर हा माणूस पोट भरत होता. न दुखणारी गाठही दाखवायची असते. सुईनं तपासली तरी ती चिडत नाही की पसरत नाही. कसली आहे ते कळतं. लवकर कळली तर बाई बरी होऊ शकते. पदरावरून हे कसं कळणार?

बाहेर बाबा चप्पल शोधत म्हणाले, "घरी जाऊन बघू काय ते. तुझी सोमवारी परीक्षा हाय."

"परीक्षा पुन्हा होईल. सोमवारी पहिल्या एसटीनं मी आईला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेणार हाय, नागुमावशीलाही. बाईडॉक्टर मिळाली तर बरं, न्हाई मिळाली तरी दाखवायचंच. मी आत आईचा हात धरून उभी राहणार. बाबा, तुम्ही यायचं का न्हाई, ते तुम्ही ठरवा."