भुजंगमामाचा सांगावा

भुजंग कासाराच्या बांगड्या काही जगावेगळ्या नव्हत्या. खरं सांगायचं तर जरा ठिसूळच. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एक परगावचा व्यापारी सतरंजी अंथरून बसायचा. त्याचा माल जास्त चमकायचा आणि भावही एकच, घासाघीस नाही. पण तो बाबा तोंडातून शब्द काढील तर शपथ! हात ओढला, बांगड्या सरकवल्या, चला पुढची. बाया त्याच्याकडं जायच्या त्या अगदीच नाइलाज झाला तर. भुजंग येणार असं कळलं, की महिनाभर मोकळे हात घेऊन बसायची त्यांची तयारी असायची.

कारण भुजंगचं दुकान म्हणजे त्याची जीभ. घर जालन्यात, पण घरात तो पाहुण्यासारखाच. सण तोंडावर आला की तट्टावर बांगड्यांच्या माळा लादायच्या आणि निघायचं. आधी वर भोकरदनकडची गावं, थेट केदारखेड्यापर्यंत. मग फिरून खाली घनसावंगीकडं, कुंभार पिंपळगावापर्यंत. कुठली लेक कुठं दिली आहे, हे त्याला पटवाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक. माहेरी गेला की लेकीची खुशाली सांगायचा, लेकीकडं गेला की माहेरचा सांगावा द्यायचा. त्यामुळं झाडून साऱ्या सासुरवाशिणींचा तो मामा.

आणि मामा होता मोठा बिलंदर. सासूपुढं माहेराच्या आठवणीनं रडायची सोय नसते, हे त्याला माहीत होतं. मग तो मुद्दाम जरा घट्ट माप काढायचा. पंजा आवळून बांगडी चढवताना पोरगी कळवळली, की तेवढ्यात हळूच आईचा निरोप सांगून टाकायचा. पोरगी मनसोक्त रडून घ्यायची आणि सासू म्हणायची, "अगं बया, एवढ्या तेवढ्यानं रडती का कुठं!" मामा मान खाली घालून मिशीत हसायचा. असा कासार सोडून त्या मुखदुर्बळाकडं कोण जाईल?

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मामाचे सगळेच सांगावे खरे नसत. पहिल्या पहिल्यानं असत. पण कधी एखाद्या गावाला जाणं व्हायचं नाही, कधी कुणाची आई नेमकी शेतात गेलेली असायची. आणि इकडं पोरगी हात पुढं करून तोंडाकडं टकामका बघत बसलेली. तिला भेट झाली नाही असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितलं, तर तिनं डझनभर बांगड्या कशाला भराव्यात? मग मामा मनानंच चार गोड शब्द जोडायचा. आई खुशाल हाय, तुझी सय काढून राह्यली. बहुतेक आया खुशालच असतात आणि सय तर काढतातच, मग त्यात खोटं ते काय, असं तो स्वतःला समजवायचा. तिथंच माणूस चुकला.

त्या वर्षी श्रावण असा काही लागला की केदारखेड्याची वाट नदीनं दहा दिवस अडवली. पंचमी तर तोंडावर आलेली. पंचमीचा धंदा बुडाला तर कासारानं खायचं काय? भुजंगनं वरची गावं सोडली आणि सरळ पिंपळगाव गाठलं.

तिथं गोजरबाईची सून द्वारका ओसरीवर हात पुढं करून बसली. केदारखेड्याची लेक, लग्नाला सहा वर्षं झालेली. पंचमीला पोरी माहेरी जातात, पण खुरपणी चालू म्हणून गोजरबाईनं हिला धाडलं नव्हतं. बिचारीचा चेहरा एवढासा झालेला. भुजंगला बघवेना.

"मामा, आई कशी हाय?"

"कशी म्हंजे? परवाच भेटून आल्तो. जात्यावर बसल्ती, ओव्या म्हणून राह्यल्ती. मला म्हणली, माझ्या द्वारकीला सांगा, पुढल्या पंचमीला लई कौतुक करीन."

द्वारका रडली, मग हसली आणि तिनं दोन बांगड्या जास्तीच्या भरल्या. भुजंग खूश होऊन पुढच्या गावाला गेला.

नवरात्रात तो केदारखेड्याला पोचला. वेशीतूनच "मामा आलाऽऽ" अशी आरोळी ठोकली आणि नेहमीसारखं तट्टू आधी द्वारकाच्या माहेरच्या अंगणात नेऊन बांधलं. तिचा भाऊ कडूबा बाहेर आला. त्याच्या डोक्यावर केस अजून धड उगवले नव्हते.

"माय गेली, मामा," कडूबा म्हणाला. "पंचमी झाली आन् तिला हिवताप भरला. द्वारकी, द्वारकी, दुसरा शब्द न्हाई तोंडात. धाकट्या रामकिसनला पाणी तुडवत पिंपळगावला धाडला, म्हणलं बहिणीला जल्दी घेऊन ये. तर बाईसाहेबांनी निरोप काय धाडावा? भुजंगमामानं आईला जात्यावर पाह्यली, ती बिलकुल ठणठणीत हाय, पोळा झाला की येते!"

भुजंगचे हात माळांच्या गाठीवर तसेच राहिले.

"तुम्ही तर आलेच न्हवते, मामा! सासूनं अडवलं असतं तर समजलो असतो. पण माय मरून राह्यली आन् हिनं तुमचं नाव घेऊन खोटं बोलावं? रामकिसननं मायसमोरच सांगितलं सगळं. माय म्हणली, भुजंगभाऊ गावात आल्ता? मंग मला न भेटता कसा गेला? चौथ्या दिवशी गेली. मी निरोप धाडून दिला, माय मेली, आता तू येऊ नको. मला बहीण न्हाई."

तोवर अंगणात दहा-पंधरा बाया जमल्या होत्या. दसऱ्याच्या बांगड्या भरायच्या होत्या प्रत्येकीला. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण त्या पोरीचं माहेर कायमचं बुडत होतं, आणि तिचा काडीचा गुन्हा नव्हता. त्यानं धीर केला.

"कडूबा, ती खोटं न्हाई बोलली. मीच बोललो. मी इकडं आलोच न्हवतो आन् तिला सांगितलं, आईला पाह्यली. तिनं इश्वास ठेवला, एवढंच तिचं चुकलं."

कडूबाचे डोळे भरून आले. "मामा, तुमचा जीव लई मोठा. तिचं माहेर तुटू नये म्हणून सगळं आपल्या माथी घेऊन राह्यले."

"अरे, खरं सांगतो रे!"

"मामाचं काळीजच तसलं," एक म्हातारी बाकीच्या बायांना म्हणाली. "आजवर कुणाचं वाईट आलं का त्यांच्या तोंडून? लोकाच्या लेकीसाठी बघा कसं करतेत."

भुजंग घाबराघुबरा झाला. इतक्या वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती, आणि आज आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलतोय तर कुणी ऐकायला तयार नाही! तो तडक आत देवघरापाशी गेला आणि मांडलेल्या घटाकडं हात केला. "ह्या घटाची आण घेतो, कडूबा. बराबर ऐक. मी खोटं बोललो."

कडूबानं धावत जाऊन त्याचा हात धरला आणि खाली केला. "नका मामा. तिच्या पायी देवाची खोटी आण घेऊन पाप कशाला लावून घेता? ती त्या लायकीची न्हाई."

बाया हात पुढं करून बसल्या. त्या दिवशी केदारखेड्यात भुजंगच्या जेवढ्या बांगड्या खपल्या, तेवढ्या कधी खपल्या नव्हत्या. निघताना दोघी-तिघींनी तर पायाला हात लावला. मेल्याहून मेल्यासारखं होऊन तो तट्टावर बसला.

पिंपळगावापर्यंतच्या वाटेवर त्यानं मनाशी दहा सांगावे जुळवले आणि दहाही टाकून दिले. आता खोटं बोलायचं नाही, जीव गेला तरी नाही, असं ठरवूनच तो गोजरबाईच्या ओसरीवर चढला. गोजरबाईनं तोंड फिरवलं. "आलात का? आईला जात्यावर बसवून आलात का म्हणलं आजबी?" एवढं बोलून ती आत निघून गेली. आळीतल्या बायाही आज जवळ आल्या नाहीत. पिंपळगावात बातमी फिरली होती.

द्वारका मात्र आली. वाळून काडी झाली होती. समोर बसली, पण हात पुढं केला नाही.

"मामा, आईला तुम्ही खरंच पाह्यलं होतं का?"

"न्हाई, बाई. नदीला पाणी होतं. मी गेलोच न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर भुजंगला बरं वाटलं असतं. पण तिनं एवढंच विचारलं, "आता जाऊन आलात ना? कडूबादादा काय म्हणला?"

"मी सगळं कबूल केलं, बाई. आण घ्यायला गेलो. त्याला पटलंच न्हाई."

"मला कधी नेतो म्हणला?"

भुजंगनं ओठ घट्ट मिटले, मग उघडले. "न्हाई नेत म्हणला. मला बहीण न्हाई म्हणला."

द्वारका पदर सावरून उठली.

"इतकी वर्षं गोड बोललात, मामा," ती म्हणाली, "आजच कशाला खरं बोललात? दिवाळीला नेतो म्हणला, एवढं सांगायचं होतं. दिवाळीपर्यंतचे दिवस तरी निघाले असते माझे."