फोनातला शनिवार

शुक्रवारी दहा ते बारा मी आमच्या वाचनालयात बसते. कोपऱ्यात एक टेबल, त्यावर "फोनची मदत" अशी पाटी, शेजारी डिसेंबरात नाताळच्या मसालेदार बिस्किटांची वाटी, आणि समोर कोणी ना कोणी म्हातारं माणूस. म्हातारं म्हणायचा मला अधिकार आहे, मी स्वतः बहात्तरची आहे. एकतीस वर्षं मी डेन्मार्कमधल्या होर्सेन्समध्ये सायकलवरून पत्रं वाटली. मग पत्रं आटली, सगळं फोनात गेलं, आणि आता लोकांची फोनात अडकलेली पत्रं मी फुकट बाहेर काढून देते. शेजारीण म्हणते, टोवे, तू किती परोपकारी. कसली परोपकारी! मला लोकांच्या चुका शोधायला आवडतात, एवढंच.

आणि चुका तरी काय, दहातल्या नऊ वेळा विमानाचं चित्र चुकून दाबलेलं असतं. मी ते बंद करते, फोन सुरू होतो, माणूस माझे दोन्ही हात धरून आभार मानतो आणि मी फार मोठं काही केल्यासारखा चेहरा करून बसते.

त्या शुक्रवारी, सहा डिसेंबरला, अकरा वाजून वीस मिनिटांनी रिग्मोर आत आली. हातात काठी, कोटाची बटणं उघडी. मागून तिचा नवरा एवाल्ड, फोन तळहातावर अंडं ठेवावं तसा धरून. या दोघांच्या जिन्याखालच्या पेटीत मी एकोणीस वर्षं पत्रं टाकली आहेत. एवाल्ड सुतार होता. माणूस सरळ, पण मनात काही असलं की त्याचे कान लाल होतात, आणि ते लपवायला त्याच्या डोक्यावर केसही उरलेले नाहीत.

"टोवे, बारा वाजायच्या आत याचा मेल उघडून दे," रिग्मोर म्हणाली. ती बसलीसुद्धा नाही. "नाहीतर आमची बाग गेली."

"कुठली बाग?"

"अगं, फ्यॉर्डकडेची! अकरा वर्षं रांगेत उभे आहोत आम्ही."

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. फ्यॉर्डकडे, म्हणजे समुद्राच्या खाडीकाठी, बागांची वसाहत आहे. प्रत्येकाला कुंपण घातलेला एक छोटा प्लॉट आणि त्यात एक लाकडी खोपटं. बटाटे लावायचे, उन्हात बसायचं. आमच्या गावात अशा प्लॉटसाठी लोक मुलांच्या शाळेसाठी थांबत नाहीत इतके थांबतात. त्या सकाळी तिथला प्रेबेन नावाचा ओळखीचा माणूस फोन करून म्हणाला, अभिनंदन, पण तुम्ही उत्तर का देत नाही? सूचनाफलकावर तुमचं नाव लागलंय, एकेचाळीस नंबरचा प्लॉट. मेल बुधवारी पाठवलाय, उत्तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. नाही दिलं तर प्लॉट पुढच्याला आणि तुमचं नाव यादीच्या तळाला.

"तळाला म्हणजे आणखी अकरा वर्षं," रिग्मोर म्हणाली. "तेव्हा मी शहाऐंशीची असेन. या कमरेने मला आत्ताच तीन जिने चढवत नाहीत. मला जमिनीला लागून कुठंतरी बसायचंय गं, टोवे. एकदा तरी."

मी घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीस.

"वसाहतीच्या अध्यक्षाला सरळ फोन करा की."

"चालत नाही," एवाल्ड म्हणाला. "उत्तर लेखी. नोंदवलेल्या मेलवरूनच. नियमावलीत आहे."

"म्हणजे? तोंडाने हो म्हटलेलं चालत नाही?"

"मागे एका प्लॉटवर दोन कुटुंबं भांडली. दोघंही म्हणत होती, आम्ही फोनवर हो म्हटलं होतं. मग वार्षिक सभेत ठराव झाला. अडतीस विरुद्ध पस्तीस."

इथे तीन माणसं एकत्र आली की मंडळ स्थापन होतं आणि चौथं आलं की नियमावली. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फोन हातात घेतला.

विमानाचं चित्र बंद होतं. तिथेच माझा उत्साह निम्मा झाला. वाचनालयाचं वायफाय जोडलं, मेल उघडला, वर एक गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. शेवटी "जोडणी होऊ शकली नाही" अशी ओळ आली. शेवटचा मेल मंगळवारचा होता. फोन बंद करून चालू केला. जागा भरली असेल म्हणून पाहिलं, निम्मा फोन रिकामा. मेल आपोआप यायची सोय बंद आहे का पाहिलं, ती चालू. वायफाय काढून साधं नेट लावून पाहिलं. गोल पुन्हा फिरायला लागला.

"आमच्या संगणकावर उघडू. पासवर्ड काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सिग्नेला माहीत," एवाल्ड म्हणाला. सिग्ने म्हणजे त्यांची मुलगी, ग्रीनलंडला नर्स आहे. "तिनेच सगळं लावून दिलं. विसरलात तर नवा पासवर्ड तिच्या फोनवर येतो म्हणाली."

"मग तिला लाव फोन!"

"आज ती विमानात आहे. रुग्णाला घेऊन उत्तरेला गेलीय. संध्याकाळी उतरेल."

अकरा अडतीस. माझ्या कपाळावर घाम आला. मी चिडले की मला घाम येतो, आणि मी त्या फोनवर चिडले होते, त्या मंडळावर चिडले होते, आणि या दोन भाबड्या माणसांवरही थोडी चिडले होते.

"एवाल्ड, खरं सांग. मंगळवारी फोनात काही उचकलंस?"

"नाही."

हे तो जरा लवकरच म्हणाला.

"तो कसला उचकतोय," रिग्मोर म्हणाली. "तो फोनला भितो. सिग्नेने आम्हाला फोनात नाताळचं कॅलेंडर करून पाठवलंय, चोवीस दारांचं. रोज सकाळी कॉफीबरोबर एक दार उघडायचं, आत नातवाचा फोटो. मंगळवारी तिसरं उघडलं. बुधवारपासून तेही बंद. नेट नाही म्हणाला."

मी एवाल्डकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, अगदी टोकापर्यंत.

चोराच्या मनात चांदणं, मी स्वतःशी म्हटलं. पण बायकोसमोर हा गडी काही ओकणार नव्हता. मी रिग्मोरला म्हटलं, "तू काउंटरवर जा. तिथल्या फोनवरून अध्यक्षाला लाव आणि पंधरा मिनिटं वाढवून माग."

"तो देणार नाही."

"नको देऊ दे. पण बोल त्याच्याशी. तुझ्यासारखं बोल."

ती काठी आपटत गेली. मी फोन टेबलावर आडवा ठेवला, आणि तेव्हा मला ते दिसलं. पडद्यावर वर लिहिलं होतं, शनिवार, सहा डिसेंबर.

"एवाल्ड, आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"शुक्रवारच. शनिवारी मी घरी झोपलेली असते. मग तुझ्या फोनात शनिवार कसा?"

त्याने एकदा काउंटरकडे पाहिलं, मग हलक्या आवाजात म्हणाला, "तिला सांगणार नाहीस?"

"अकरा त्रेचाळीस झालेत. तू आधी मला सांग."

"मी चोविसावं दार उघडलं."

मला आधी कळेचना. मग कळलं. कॅलेंडर तारखेवर चालतं, म्हणून या सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने, बायको न्हाणीघरात असताना, फोनाची तारीखच पुढे ढकलली होती. चोवीस डिसेंबर करून शेवटचं दार उघडलं. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. घाईघाईत चाक उलटं फिरवलं, दिवस जागेवर आला, पण बोट सरकून वर्ष एकाने पुढे गेलं. पडद्यावर वर्ष दिसत नाही, फक्त तारीख आणि वार, त्यामुळे त्याच्याही लक्षात आलं नाही. त्या गोंधळात कॅलेंडरची सगळीच दारं उघडून बसली, म्हणून त्याने नेट नाही अशी थाप मारली.

लहान मुलंसुद्धा हे करत नाहीत. म्हणजे करतात, पण मार खातात.

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग," मी म्हटलं. "एकवीस दिवस धीर धरवला नाही तुला?"

तो हसला नाही. "टोवे, त्या बागेच्या रांगेत आमच्या पुढे सहा जण होते. चार मेले. रांगेतच. मंगळवारी संध्याकाळी बसल्या बसल्या वाटलं, चोवीस तारीख कोणी पाहिलीय. दार समोर आहे तर बघून घ्यावं."

मी सेटिंग उघडलं. तारीख आपोआप घ्यायची कळ बंद होती, वर्ष पुढचं. फोन मेलच्या दारात जाऊन उभा राहतो तेव्हा दोघंही एकमेकांचे कागद तपासतात, मुदत बघतात. पुढच्या वर्षातून आलेल्या फोनला सगळ्यांचेच कागद मुदत संपलेले दिसतात, तो कोणालाच जवळ करत नाही. मी कळ दाबली. शनिवारचा शुक्रवार झाला.

गोल एकदा फिरला आणि मेल पडायला लागले. एक, चार, अकरा, सत्तावीस. फोन टेबलावर थरथरत पुढे सरकत होता. जाहिराती, दाताच्या डॉक्टरचं स्मरणपत्र, वीज कंपनी, आणि त्यांच्यामध्ये बुधवारचा एक मेल: "प्लॉट ४१ बाबत."

एकतीस वर्षं मी पाकिटं टाकून पुढे जात आले. उघडताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. एवाल्डचा पाहिला, आणि मलाच भरून आलं.

"लिही," मी म्हटलं. "अकरा एकावन्न."

तो लिहायला लागला. एका बोटाने. "माननीय मंडळ, आपल्या चार डिसेंबरच्या पत्राबद्दल मी आणि माझी पत्नी..."

"एवाल्ड! 'हो' लिही!"

"नुसतं हो? उद्धट वाटेल."

"उद्धट वाटू दे, बाग घे!"

सगळं वाचनालय आमच्याकडे बघायला लागलं. त्याने सगळं पुसलं, "हो, घेतो. मनापासून आभार. एवाल्ड" एवढं लिहिलं, आणि अकरा चोपन्नला मेल गेला. पाठवल्यानंतर त्याने फोन पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसला.

रिग्मोर परत आली. गाल तापलेले होते. "नियम म्हणजे नियम म्हणतो मेला. मीही त्याला सांगितलं, तुझ्या थडग्यावर नियमावलीच कोरून घे." मग तिने आमचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

फोन थरथरला. एवाल्डने उलटा केला आणि तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"'उत्तर अकरा चोपन्नला मिळालं. प्लॉट एकेचाळीस तुमचा. किल्ली एक मार्चला. अक्सेल, अध्यक्ष. ता. क. आपल्या पत्नी फोनवर जे बोलल्या त्याची इतिवृत्तात नोंद केली जाणार नाही.'"

रिग्मोर खुर्चीत बसली. आल्यापासून पहिल्यांदा. काठी खाली पडली, तिने उचलली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी बिस्किटांची वाटी तिच्यापुढे सरकवली, कारण दुसरं काय करावं मला सुचलं नाही.

"काय बिघडलं होतं?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

मी छताकडे पाहिलं. एवाल्डने एक मोठा श्वास घेतला. "मी तारीख बदलली होती. चोविसाव्या दारासाठी."

तिने चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

"बुधवारीच कळलं होतं मला," ती म्हणाली. "नेट नाही म्हणताना तुझे कान बघितलेस कधी? दारासाठी असेल हे ओळखलं होतं. पण त्या दारापायी माझी बाग जायची वेळ येईल, हे नव्हतं ठाऊक."

"रिग्मोर..."

"गप्प बस. अकरा वर्षं बागेसाठी थांबलास, कधी कुरकुर केली नाहीस. आणि फोटोसाठी तुला तीन आठवडे थांबवेना?"

"आत काय आहे सांगू?"

"खबरदार! मी चोवीस तारखेलाच बघणार. मला थांबता येतं." तिने नाक पुसलं, कोटाची बटणं खालून वर नीट लावली आणि हात पुढे केला. एवाल्डने काठी उचलून दिली. "चल."

"कुठे?"

"प्लॉट बघायला."

"अगं, किल्ली मार्चला मिळणार. आत्ता तिथे नुसता चिखल असेल. आणि आज बर्फ..."

"कुंपणावरून दिसतो चिखल," रिग्मोर म्हणाली आणि निघालीसुद्धा. जिला तीन जिने चढवत नाहीत ती बाई काठी जमिनीला न टेकवताच दारापाशी पोहोचली होती, आणि एवाल्ड टोपी शोधत तिच्यामागे धावत होता.