सोलांज जेवणावरून उठली

आमच्या गावाला तळं आहे, तळ्याला वाळूचा किनारा आहे, आणि उन्हाळ्यात पोहणाऱ्यांवर नजर ठेवायला उंच खुर्चीत पगारी जीवरक्षकही असते. तरी निम्म्या गावाला पोहता येत नाही. भरल्या पोटी पाण्यात उतरलेला माणूस वर येत नाही, यावर इथे देवापेक्षा जास्त लोकांचा विश्वास आहे. जेवल्यावर तीन तास थांबायचं असतं. आमची जेवणं दुपार खाऊन टाकतात, आणि थांबून होईपर्यंत जीवरक्षक झेंडा उतरवून घरी गेलेली असते.

सोलांज फोशेर साठी उलटेपर्यंत अशीच कोरडी राहिली. मग जूनमध्ये सुनेचा, क्लेमाँसचा, फोन आला. नात आनूकला ऑगस्टभर पाठवीन, पण घरात एकाला तरी पोहता आलं पाहिजे. नाहीतर ती बोर्दोच्या आजीकडे जाईल. बोर्दोच्या आजीला पोहता येत होतं आणि ती ते सांगतही असे.

सोलांजने नवऱ्याकडे पाहिलं. मार्सलाँ पावाला लोणी लावत होता. तिकडून आशा नव्हती.

जुलै लागताच तिने दुपारचं जेवण सोडलं. मार्सलाँपुढे सार्डिन माशांचा डबा ठेवून ती किनाऱ्यावर जाऊ लागली. त्या वेळी अख्खं गाव टेबलाशी. पाण्यात एकच डोकं, त्यामुळे जीवरक्षक मोद खुर्चीवरूनच तिला शिकवू लागली. आधी उताणं तरंगायचं, मग श्वास, मग हातपाय. हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या दोरीपलीकडे जायचं नाही. खुर्ची रिकामी असेल तर पाण्यात पाय नाही. झेंडा हिरवा असला तर पोहायचं, पिवळा असला तर आधी विचारायचं, लाल असला तर घरी.

गावाला हे जड गेलं. औषधवाल्याने मार्सलाँला आवाज खाली आणून विचारलं, आजार कोणता. पावाच्या दुकानात घटस्फोटावर एकमत झालं होतं. सोलांज नाकातोंडात पाणी घेत राहिली, आणि महिनाअखेर दोरीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुलगा रेजिस सहकुटुंब आला. आनूकची बॅग गाडीतच होती. सोलांजने सगळ्यांना वाढलं, स्वतः काही खाल्लं नाही, आणि जेवणाच्या शेवटी येणारं चीज यायच्या आत उठली. आमच्याकडे चीजआधी माणूस उठतो तो आग लागली तरच. सगळे तिच्या मागे निघाले.

किनाऱ्यावर वारा सुटला होता. कुणाचा तरी हवा भरलेला रबरी फ्लेमिंगो तळ्याच्या मध्यावर निघाला होता. मोदने झेंडा चढवला. लाल.

सोलांजने पोहण्याचा पोशाख घातला होता. ती वाळूत बसली.

रेजिस म्हणाला, "आई, कमरेइतक्या पाण्यात दोन हात मार. क्लेमाँसला दाखव, की झालं."

"लाल आहे."

"महिनाभर मी सार्डिन खाल्ले," मार्सलाँ म्हणाला, "ते या फडक्यासाठी?"

"हो."

"बोर्दोला पाठवतील तिला, सोलांज."

सोलांजने एकदा आनूककडे पाहिलं. मग पाय लांब करून ती आणखी ऐसपैस बसली. "पाठवू देत. मी उतरणार नाही, आणि तीही उतरणार नाही."

क्लेमाँसने झेंड्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"रेजिस," ती म्हणाली, "आनूकची बॅग काढ गाडीतून."

मार्सलाँने घसा साफ केला. मग आता चीज खायला हरकत नसावी, असं त्याचं म्हणणं पडलं.

"तुम्ही खा," सोलांज म्हणाली. "झेंडा बदलला तर माझं पोट रिकामं हवं."