टाकीवरचा अबोला

कॉफीच्या बिया धुण्याच्या बाबतीत मळ्याचे मालक कुणाचं ऐकत नसत. फळांची साल निघून चिकट बिया टाकीत पडल्या की ते टाकीभोवती घुटमळू लागत. मधूनच मूठभर बिया चोळून बघत. चिकटपणा सुटून बिया करकरल्या की लगेच धुवायला घेत. जराही उशीर त्यांना खपत नसे.

मागच्या हंगामात मात्र विपरीत घडलं. मालकीणबाईंच्या भावाला ते आळशी म्हणाले आणि बाईंनी अबोला धरला. मग 'टाकी त्यांनी बघावी' आणि 'टाकी तिनेच बघावी' या हट्टापायी बिया दोन दिवस तशाच पडून राहिल्या. पण त्या बियांची कॉफी अशी काही उतरली की शहरातला कॉफीवाला खूश झाला. "पिकल्या फळाची चव आहे हो हिला! पुढच्या वर्षी अशीच द्या, सगळी घेतो." काय केलंत, असं त्याने विचारलं, तेव्हा दोघंही छताकडे बघू लागले.

शहरात नोकरी करणाऱ्या लेकीने तिथल्या तिथे जाहीर केलं, "पुन्हा अशी जमली तर मी नोकरी सोडून इथेच राहीन. नाही जमली तर आपली शहरातच बरी." तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांना लेक घरी हवी होती.

तसा यंदा उपाय सोपा होता, बिया जास्त वेळ पडू द्यायच्या. पण मालकांचे हात शिवशिवायला लागले. बाईंनी बादली लपवली, तर ते पातेलं घेऊन निघाले.

"अहो, राहू द्या ना!"

"नासतील गं! मला बघवत नाही."

आता भांडणाशिवाय गत्यंतर नव्हतं. बाईंनी घोरण्याचा विषय काढला, मालक हसले. दारात वाटेल तिथे टाकलेल्या चपलांचा काढला, मालकांनी चपला उचलून नीट ठेवल्या. इतका गुणी नवरा नेमका आजच कुठून उगवला! शेवटी बाईंनी ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"तुमच्यापेक्षा माझा भाऊ बरी कॉफी धुतो!"

मालकांनी पातेलं खाली ठेवलं. तोंड फुगवून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. जेवायला आले तेही भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंना वाईट वाटलं, पण टाकी वाचली. दोन दिवसांनी बिया सुट्टीवर आलेल्या लेकीनेच धुतल्या.

बिया वाळल्या, भाजून झाल्या आणि कॉफीवाला आला. त्याने मोठ्ठा भुरका मारला, डोळे मिटले, आणखी एक भुरका मारला. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"हीच ती!" तो म्हणाला. लेकीने आईला मिठी मारली आणि राजीनामा कळवायला फोन उचलला.

कॉफीवाला गेल्यावर बाई ताठ मानेने मालकांकडे वळल्या. "बघितलंत? मी तुम्हाला चिडवलं म्हणून जमलं."

"चिडतोय कसला! तुझ्या भावाने जन्मात स्वतःचा कप धुतला नाही, तो कॉफी धुणार? हसू आवरेना म्हणून आत पळालो."

"मग दोन दिवस तोंड फुगवून बसलात ते?"

"टाकी नजरेला पडली असती तर धुतल्याशिवाय राहवलं नसतं. म्हणून घेतलं कोंडून. पोरगी काय तुझ्या एकटीचीच आहे?"

बाईंना भरून आलं. भावाच्या कपाबद्दलचं उत्तर त्यांनी उद्यावर ढकललं.