सात पट्ट्यांचा चमत्कार

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. चाकांच्या खुर्च्या, काठ्या, म्हाताऱ्यांना धरून उभ्या असलेल्या लेकीसुना, आणि सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या कफनीतले पाऊलबाबा. त्यांच्यासमोर फरशीवर सात पांढऱ्या पट्ट्या आडव्या रंगवल्या होत्या.

"या पट्ट्या म्हणजे विश्वाची सात स्पंदनं!" बाबा गरजले. "इथे मज्जातंतू थेट ब्रह्मांडाला जोडला जातो. डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे तंतूंवरची बुरशी. गोळी सोडा, पाऊल सुटेल!"

बावीस वर्षं मी मेंदूविकारांच्या संशोधन केंद्रात तंत्रज्ञ आहे. तिथे बुरशी फक्त कुणी जेवणाचा डबा विसरला तरच दिसते.

तेवढ्यात आमच्या आप्पांची पाळी आली. माझे वडील, जन्मभर सुतारकाम केलेले. सहा वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे, जागच्या जागी थरथरायचे. ताईने त्यांना पट्ट्यांपुढे उभं केलं.

"उचल पाऊल!" बाबा ओरडले.

आणि आप्पांनी उचललं! पहिली पट्टी, दुसरी, तिसरी... सातही पट्ट्या ते ढांगा टाकत ओलांडून गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई हुंदके देत होती आणि आप्पा लहान मुलासारखे हसत होते.

मी मात्र पट्ट्यांकडे बघत होतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर ओळखीचं होतं, आणि दाढीआडचा चेहराही. गेल्या वर्षी आमच्या केंद्रात फरशी बसवायला आलेला कारागीर! चहा पिता पिता मीच त्याच्यापुढे ज्ञान पाजळलं होतं. "कंपवाताचा पेशंट सपाट फरशीवर अडतो, पण आडव्या पट्ट्या दिसल्या की चालतो. आम्ही त्याचाच अभ्यास करतो. एवढं अंतर ठेवायचं बघ." त्याने टेप लावून ते मोजूनही घेतलं होतं, आणि मला केवढा अभिमान वाटला होता!

मी तिथेच बोलायला हवं होतं. बोललो नाही. आप्पांचा आनंद कशाला हिरावायचा, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. ही विद्या माझ्याकडूनच गेली हे चारचौघांत निघालं असतं.

घरी येताच आप्पांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मी जरा कुरकुरलो, तर ताई म्हणाली, "डोळ्यांनी बघितलंस ना? मग कशाला फाटे फोडतोस?"

मी पुन्हा गप्प बसलो.

सहाव्या दिवशी सकाळी आप्पांचं अंग ताठ झालं. न्हाणीघराच्या दारात पाय अडला आणि ते कोसळले. उजवं मनगट मोडलं, वर सडकून ताप.

"गोळ्या अशा एकदम बंद करतात?" आमच्या केंद्रातल्या डॉक्टरबाई कडाडल्या. "जिवावर बेतलं असतं. घरात तुम्ही होतात ना?"

मान खाली घालून मी सगळं सांगून टाकलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, महिन्याभरात आप्पा उभे राहिले. मग आप्पा, डॉक्टरबाई आणि मी असे तिघं गोदामात गेलो. भरल्या सभेत मी पट्ट्यांवर एकरंगी सतरंजी अंथरली.

"बाबा, स्पंदनं सतरंजीतून येतील ना?"

"सतरंजी... अशुद्ध आहे," बाबा चाचरले.

"अहो, ब्रह्मांड सतरंजीला घाबरतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

आप्पा सतरंजीपुढे उभे राहिले. "उचल पाऊल" ओरडून बाबांचा घसा बसला. पाऊल हललं नाही. मग सगळ्यांना अंगणात नेऊन मी तेवढ्याच अंतरावर साध्या चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या लावल्या. ना बाबा, ना ब्रह्मांड. आप्पा सरळ चालत गेले.

"चालण्याची सवय सांभाळणारी मेंदूतली वाट या आजारात बुजत जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बघून पाऊल टाकायची वाट पुष्कळदा शाबूत असते. पट्टी ती वाट दाखवते, बास."

"म्हणजे आमची माणसं बरी झालीच नाहीत?" एका बाईने विचारलं.

"नाही हो. पट्टी संपली की आजार तिथेच," मी म्हणालो. "आणि ही युक्ती या माणसाला मीच शिकवली."

बाबा एव्हाना मागच्या दाराने पसार झाले होते. त्यांना पट्टी लागली नाही.

घरी जाताना आप्पांनी विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मी गोळ्या टाकल्या, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मला विचारायचंस तरी," ते म्हणाले. "मी खरं काय तेच मागितलं असतं रे."

म्हणून हे लिहितोय. चमत्कार दिसला तर नमस्कार करण्याआधी त्यातली एक गोष्ट बदलून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि युक्ती ठाऊक असेल तर तिथल्या तिथे बोला, मग आपली लाज गेली तरी चालेल. सकाळची गोळी घेतली की आप्पा तासभर तरी रंधा मारायचे. माझ्या सहा दिवसांच्या गप्प बसण्यानंतर मोडलेल्या मनगटामुळे त्यांना रंधा धरवत नाही.