थुंकलेली साखर

"गोड लागलं! अहो, खरंच गोड लागलं!" पहिल्या रांगेतला शिंपी खुर्चीवरून उडालाच. हॉलमधल्या दोनशे माणसांनी जयजयकार केला.

"थुंका!" मंचावरून महाराज गरजले. "रक्तातली साखर जिभेवर आलीये. गिळाल तर परत आत जाईल. थुंका आणि मोकळे व्हा!"

प्रत्येकाच्या तोंडात कोरड्या पावाचा तुकडा, हातात कागदी पेला. मनात मंत्र म्हणत पाच मिनिटं चावायचं, गिळायचं नाही. पाव गोड झाला की मधुमेह निघाला! मग महाराज पेल्यावर फुंकर घालत आणि फर्मान सोडत, "आजपासून सुई बंद."

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या जीवशास्त्राच्या बाईंनी कपाळाला हात लावला. बावीस वर्षं त्या कॉलेजात मुलांना हाच पाव चावायला लावत होत्या. आणि इथे पावाची टोपली घेऊन फिरत होता त्यांच्याच प्रयोगशाळेतला मदतनीस! त्यानंच बाईंच्या थोरल्या बहिणीला इथे आणलं होतं. ताईनं दोन दिवसांपासून इन्सुलिन घेतलं नव्हतं.

"ताई, घरी चल. श्वास बघ कसा चाललाय तुझा."

"आत्ता कुठे गुण येतोय," ताई म्हणाली. तिचे ओठ सुकले होते, सकाळपासूनची पाण्याची तिसरी बाटली संपत आली होती. "तू पुस्तकातलं सांगतेस. मी स्वतःच्या जिभेनं चाखलंय."

"अगं, पण ती साखर..."

"लहानपणापासून माझं तुला कधी काही पटलंय का?"

बाई मदतनीसाकडे वळल्या. "अहो, तुम्ही तरी! लॅबमध्ये दरवर्षी काय करतो आपण?"

"बाई, तो प्रयोग. ही प्रचिती."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी! त्या तरातरा मंचावर चढल्या.

"महाराज, साखर रक्तातूनच येते ना?"

"रक्तातूनच, माउली. तुमचं शास्त्र जिथे दमतं, तिथे आमचा मंत्र कामाला लागतो."

"आणि पाव?"

"निमित्तमात्र."

"मग निमित्त बदलू या." बाईंनी पर्समधून स्वच्छ कापूस काढला. "ताई, हा चाव. मंत्र तोच, वेळही तेवढाच."

हॉलमध्ये खसखस पिकली. ताईनं धाकटीकडे जळजळीत नजर टाकली, पण हट्टानं कापूस तोंडात घातला. बाईंनी दारात उभ्या असलेल्या महाराजांच्या ड्रायव्हरला बोलावलं.

"तुम्हाला मधुमेह आहे?"

"छे हो! मागच्याच आठवड्यात तपासलंय. एकदम चोख."

"मग हा पाव चावा. मंत्र नको, मनात गाडीचा नंबर म्हणा."

पाच मिनिटं हॉलमध्ये फक्त चावण्याचा आवाज होता. मग ड्रायव्हरचे डोळे मोठे झाले. "आयला, गोड!" म्हणाला, आणि महाराजांकडे लक्ष जाताच त्यानं जीभ चावली.

"ताई, तुझं काय?"

ताईनं ओला बोळा पेल्यात टाकला. "कापूसच लागतोय," ती हळूच म्हणाली.

"कापसात भाव नसतो!" महाराज ओरडले.

"भाव नाही, सांधा वेगळा असतो," बाई म्हणाल्या. "पावातला स्टार्च काय आणि कापूस काय, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. मणी तेच, ओवायची रीत निराळी. आपल्या लाळेत एक विकर असतं, कात्रीसारखं. ते स्टार्चची माळ कापतं, साखर सुटते, जीभ म्हणते गोड. कापसाची गाठ त्या कात्रीला सुटतच नाही. साखर रक्तातून येत असती, तर कापूसही गोड झाला असता की!"

मदतनीसाच्या हातातली टोपली खाली आली. "बाई... हा तर आपला पहिल्या सत्रातला प्रयोग! पावावर आयोडीन टाकलं की काळंनिळं होतं, आणि लाळेत मुरवलं की होत नाही, तोच!"

"उजाडलं एकदाचं!"

अर्धा हॉल माना खाली घालून उठला. पण शिंपी जागचा हलला नाही. "मला गोड लागलं ना! मग झालं तर!" त्याच्यामागे वीसेक माणसं पेले पुढे करून तशीच बसून राहिली. बाईंना वाटलं, आपलंच डोकं मंचावर आपटावं.

"मग माझी साखर कुठे गेली गं?" ताईनं विचारलं.

"कुठे जाणार? रक्तातच आहे. दोन दिवस नुसती वाढतेय."

ताई उठायला गेली आणि झोक गेला. मदतनीसानंच तिला सावरलं, खाली नेऊन गाडीत घातलं. दवाखान्यातले डॉक्टर तपासणीचा कागद बघून एवढंच म्हणाले, "उद्यावर टाकलं असतंत, तर हाती लागल्या नसत्या."

तिसऱ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली. "मी नाम घेणं सोडणार नाही हं."

"कोण सोड म्हणतंय? मीही रोज घेते. पण देवानं पाव गोड करायची जबाबदारी लाळेवर सोपवलीये, आणि ती लाळ सगळ्यांना सारखी दिलीये. तिचं श्रेय दुसऱ्याला देऊ नकोस. हात पुढे कर, इन्सुलिनची वेळ झाली."

ताईनं हात पुढे केला.

वाचणाऱ्यांनो, श्रद्धा देवापाशी ठेवा, तिथे ती शोभते. पण कुणी तुमच्या जिभेवर चमत्कार ठेवला, तर तोच दुसऱ्या वस्तूवर, दुसऱ्या माणसावर, मंत्राशिवाय करून बघा. आणि बघून होईपर्यंत डॉक्टरांनी दिलेलं औषध एक वेळसुद्धा चुकवू नका.