पलीकडची बाजू

मोंफ्लेरीच्या मठात सिस्टर समोरासमोर दोन रांगांत बसून स्तोत्रं म्हणत. एका रांगेनं एक ओळ म्हणायची, समोरच्या रांगेनं पुढची. डाव्या रांगेची सुरुवात सिस्टर फिलिबेर्त करायची आणि उजवीची सिस्टर अनास्तासी. दोघी एकाच वसंतात मठात आल्या, एकाच दिवशी शपथ घेताना दोघींचे केस कापले गेले. फिलिबेर्तचा आवाज भरीव होता, अनास्तासीचा बारीक आणि स्वच्छ. बोलायची परवानगी मठात फार थोडा वेळ असे. पण दिवसातून इतक्या वेळा एकमेकींना ओळ द्यायची आणि ओळ घ्यायची, म्हणजे वेगळं बोलायला फारसं उरतच नसे.

पॅरिसमध्ये राजाला सिंहासनावरून खाली ओढल्याची बातमी आली तेव्हा मोंफ्लेरीत कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ते फ्रान्स, हे सव्हॉय. आपला राजा वेगळा, डोंगरापलीकडे तोरिनोत बसलेला. पण त्याच सप्टेंबरात धो धो पावसात फ्रेंच फौज आली आणि राजाचे शिपाई जवळजवळ न लढताच खिंडीकडे निघून गेले. हिवाळा सरता सरता कमरेला तिरंगी पट्टा बांधलेला, फ्रेंच सरकारचा एक माणूस मठात आला. माणूस तसा सभ्य होता.

"बायांनो, तुम्ही आता मोकळ्या आहात," तो म्हणाला. "शपथाबिपथा सगळ्या रद्द. घरी जा, लग्नं करा, काय हवं ते करा."

"आम्हाला इथे राहायचं आहे," अनास्तासी म्हणाली.

"तेवढं सोडून," तो म्हणाला.

ज्यांना चालवत होतं त्यांनी खिंड ओलांडून तोरिनोच्या मठात जायचं ठरलं. वृद्ध मदर व्हेरोनिकला मात्र अंथरुणातून उठताही येत नव्हतं. ती असेपर्यंत तिच्याजवळ अनास्तासी थांबणार होती. फिलिबेर्तही थांबायला तयार होती, पण मदरनं तिला हातानंच 'जा' अशी खूण केली आणि मदरचा शब्द मोडायची सवय तिला नव्हती.

"पुढच्या बर्फाच्या आत येते मी," अनास्तासी फाटकात म्हणाली. "तोवर माझी बाजू रिकामी ठेव. कुणाला बसू देऊ नकोस."

"आणि आलीच नाहीस तर?"

"अगं, डोंगरच आहे मध्ये. समुद्र थोडाच आहे?"

तोरिनोच्या मठानं त्यांना जागा दिली, रस्सा-भाकरी दिली. पण तिथली बोली वेगळी, चाली वेगळ्या. सगळ्याजणी स्तोत्रं भराभर म्हणून मोकळ्या व्हायच्या. दिवसाचं काम उरकलं की फिलिबेर्त एका कोपऱ्यात बसून जुन्या चालीवर म्हणत राही. आपली ओळ म्हणायची, समोरची ओळ म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढं गप्प बसायचं, मग पुन्हा आपली.

स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर गाउदेन्त्सिया अंगानं आडवी आणि जिभेनं तिखट होती. एकदा तिनं विचारलं, "काय गं, मध्येच दम लागतो का तुला?"

"दम नाही लागत. थांबते मी."

"कुणासाठी?"

"पलीकडे एकजण आहे तिच्यासाठी."

गाउदेन्त्सिया हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून फिलिबेर्त कोपऱ्यात बसली की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. भांड्यांचा आवाज बाहेर जायला नको.

बर्फ पडला, वितळला, पुन्हा पडला. अनास्तासी आली नाही. खिंडीत लढाई सुरू होती. इकडचा माणूस तिकडे जात नव्हता. मदर व्हेरोनिक गेली, एवढं एका पळून आलेल्या फादरकडून कळलं. अनास्तासीचं काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं. निदान तो तसं म्हणाला.

"आमच्या राजाच्या वाटेला कुणी जात नाही," असं गाउदेन्त्सिया ऊठसूट म्हणायची. पण एका डिसेंबरात राजानं फ्रेंचांपुढे राज्यावर पाणी सोडलं आणि बर्फ पडत असताना त्याच्या गाड्या शहराबाहेर पडल्या. तो सार्डिनिया बेटाकडे निघाला होता. हातात रस्सा वाढायचा डाव घेऊन गाउदेन्त्सिया मठाच्या दारात उभी होती.

"गेला गं," ती म्हणाली. "जाताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही."

पुढे काय होतं ते फिलिबेर्तनं एकदा पाहिलं होतं. ती आत गेली आणि प्रार्थनेचे चांदीचे पेले पेंढ्यात गुंडाळायला लागली.

हाही मठ बंद झाला, थोड्या उशिरानं एवढंच. तोवर फ्रान्समध्ये नव्या सरकारनं पोपशी समेट केला होता. पळालेले फादर परत आपापल्या गावी निघाले होते. गाउदेन्त्सिया भावाच्या घरी गेली आणि फिलिबेर्त फादर लोकांच्या एका तांड्याबरोबर खिंडीकडे. जाताना सीमेवर झडती झाली होती. येताना सीमाच नव्हती, डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच झेंडा होता. वाटेत ती कुणाशी फारसं बोलली नाही. भेटल्यावर पहिला शब्द कोणता बोलायचा, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

मठाचं छप्पर गेलं होतं आणि आत कुणीतरी गवत साठवलं होतं. धुणं धुणाऱ्या एका बाईला तिनं अनास्तासीबद्दल विचारलं. बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गास्पार खोगीरवाल्याकडे जा," ती म्हणाली. "त्याला ठाऊक आहे."

गास्पारच्या दारात सहा-सात वर्षांची मुलगी अक्रोड फोडत बसली होती. "त्या नावाचं इथे कुणी राहत नाही," ती म्हणाली.

"राहतं गं," आतून तो बारीक, स्वच्छ आवाज आला. "आत येऊ दे त्यांना."

अनास्तासीचे हात पिठानं भरले होते. डोक्यावर गृहिणीची टोपी होती, कमरेत ती रुंद झाली होती. वाटेत ठरवलेला शब्द फिलिबेर्तला आठवला नाही.

"बस," अनास्तासी म्हणाली. "रस्सा गरम आहे. आणि मला पेर्नेत म्हणतात आता, मठात येण्याआधीचं, बाप्तिस्म्याचं नाव."

मग तिनं सांगितलं. मदरला पुरल्यावर एकट्या राहिलेल्या सिस्टरांची धरपकड सुरू झाली. गास्पार विधुर होता, मठाच्या घोड्याचं सामान तोच शिवायचा. तो येऊन म्हणाला, लग्न झालेलीला धरत नाहीत, नावापुरतं लग्न करू, वेळ टळली की मोडून टाकू.

"मग?"

"वेळ टळली. तो म्हणाला, आता जायचं असेल तर जा. मला जावंसं वाटलं नाही."

"भीतीपोटी केलेलं लग्न ते," फिलिबेर्त म्हणाली. "बिशप रद्द करून देतील. आपण पुन्हा मठ उभा करू. कुठेही, एका खोलीतसुद्धा."

"केलं भीतीपोटी. त्यात राहिले ती भीतीपोटी नव्हे गं." अनास्तासीनं हात पुसले. "तू वाट पाहिलीस?"

"रोज."

"मी सांगून ठेवलं होतं खरं." ती खिडकीकडे पाहत राहिली. "पहिली दोन वर्षं मीही खिंडीकडे बघायचे. नंतर ही झाली."

गास्पार आला. पाहुणी कोण हे कळताच त्यानं टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. बायकोला न्यायलाच कुणी आलं असावं, अशी. ते पाहून फिलिबेर्तच्या मनातला उरलासुरला राग विरघळला. वाईट वाटणं मात्र उरलंच.

"गुरुवारी गावचे फादर आमच्या लग्नाला आशीर्वाद देणार आहेत," अनास्तासी म्हणाली. "मला शपथेतून मोकळं केल्याची रोमची परवानगी आली. गास्पारच्या बाजूनं त्याचा भाऊ उभा राहील. माझ्या बाजूनं कुणी नाही."

फिलिबेर्त उठली आणि फादरच्या घरी जाऊन राहिली. बुधवारभर तिनं अन्नाला हात लावला नाही. गुरुवारी पहाटे ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये होती. अनास्तासी आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली, आणि साक्षीदार कोण असं विचारताच स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं. त्या वेळी अनास्तासीचं कोपर तिच्या कोपराला लागलेलं होतं. दोघींपैकी कुणीच ते हलवलं नाही.

पुढे ती मोंफ्लेरीतच मुलींना वाचायला शिकवत राहिली. काही वर्षांनी तिकडे फ्रान्सचा नवा सम्राट पडला, राजा बेटावरून परत आला आणि त्यानं पूर्वीचं सगळं पूर्ववत करायचं ठरवलं. मठही नव्या जागी उघडला. फिलिबेर्त त्याची मदर झाली, पुन्हा मठाच्या जाळीआड गेली; बाहेरच्यांशी आता त्या जाळीतूनच बोलायचं.

बाजाराच्या दिवशी पेर्नेत जाळीशी येऊन बसायची. गुडघे कसे दुखतात, जावई कसा आळशी आहे, चामडं कसं महागलं, हे सगळं ती सांगायची आणि मदर फिलिबेर्त ऐकायची, मधूनमधून हसायची. मग पेर्नेत टोपली उचलून उतारानं घरी निघे. तिच्या लाकडी बुटांचा आवाज दगडांवरून खाली खाली जात राही. तो पार बंद होईपर्यंत मदर जाळीपासून हलत नसे, आणि तोवर तिला आत बोलवायला कुणी येत नसे.